फोटोला धार लावतांना

सुशिक्षित घरांतून हल्लीं एक नवी हौस दृष्टीस पडते, आणि ती स्तुत्य आहे हें आम्ही आरंभींच सांगून टाकतों. माळ्यावरच्या पेटींतून, कपाटाच्या तळच्या खणांतून, आजोबांच्या रोजनिशीच्या पानांमधून जुने फोटो बाहेर येऊं लागले आहेत. घरांतील एखादी कॉलेजांत जाणारी मुलगी किंवा सुटीवर आलेला एखादा मुलगा ते स्कॅनरवर अगर मोबाइलवर उतरवून घेतो, आणि पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत पांगलेल्या साऱ्या कुटुंबाला एका सायंकाळीं पणजोबांचें दर्शन घडतें.

दर्शन झालें कीं मागोमाग एक मागणी हटकून येते. “फोटो धूसर आहे, जरा स्पष्ट करतां येईल का?” मागणी साधी आहे, आणि ती पुरी करण्याचीं साधनेंही आज बहुतेकांच्या हातांत आहेत. फोटो दुरुस्त करण्याच्या संगणकीय साधनांत ‘शार्पन’ या नांवाची एक कळ असते. शार्पन म्हणजे धार लावणें. विळीला धार लावावी त्याप्रमाणें फोटोला धार लावण्याची ही सोय. कळ दाबली कीं डोळ्यांदेखत पागोट्याच्या चुण्या उठून दिसूं लागतात, नऊवारीचे कांठ उमटतात, आणि घरांतील मंडळी समाधान पावतात.

पण या कळीनें नेमकें काय केलें? जें धूसर होतें तें तिनें खरोखर स्पष्ट केलें, कीं स्पष्ट झाल्याचा आपल्याला नुसता भास करून दिला? आणि अलीकडे निघालेलीं नवीं साधनें याहून तिसरेंच कांहीं करीत असतील, तर पुढच्या पिढीच्या हातीं आपण कोणाचा चेहरा देत आहों? प्रश्न वरवर यंत्राचा दिसतो. वस्तुतः तो घराच्या स्मृतीचा आहे. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

धार म्हणजे काय?

संगणकाच्या दृष्टीनें फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची एक मोठी जाळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. कृष्णधवल फोटोंतील प्रत्येक ठिपक्याला सामान्यतः ० पासून २५५ पर्यंतचा एक आंकडा दिलेला असतो. ० म्हणजे निखळ काळा, २५५ म्हणजे शुभ्र पांढरा, आणि मधले सारे करडे. आतां गडद कोटाची बाही आणि तिच्यामागची उजळ भिंत यांची सीमा डोळ्यांपुढें आणावी. बाहीचे तीन ठिपके ८०, ८०, ८० आणि त्यांना लागून भिंतीचे तीन ठिपके १६०, १६०, १६० असे आहेत असें धरूं.

संगणक प्रथम या चित्राची एक मुद्दाम धूसर केलेली प्रत तयार करतो. धूसर करणें म्हणजे प्रत्येक ठिपक्याची त्याच्या शेजाऱ्यांशीं सरासरी काढणें. दोन्ही बाजूंचा एकेक शेजारी घेऊन सरासरी काढली, तर सीमेवरचा ८० हा सुमारें १०७ होतो आणि १६० हा सुमारें १३३ होतो. बाकीचे होते तसेच राहतात. नंतर मूळ चित्र व ही धूसर प्रत यांमधील फरक काढून तो मूळ चित्रांत मिळवला जातो. फळ असें कीं, सीमेलगतचा गडद ठिपका ८० वरून ५३ पर्यंत उतरतो आणि उजळ ठिपका १६० वरून १८७ पर्यंत चढतो. गडद बाजू अधिक गडद, उजळ बाजू अधिक उजळ. बाही आणि भिंत यांच्यामध्यें जणूं कोणीं दोन बारीक रेघा ओढल्या. सारी करामत एवढीच.

यांत नवी माहिती कोठें आली? कोठेंच नाहीं. रांगोळींत रंग भरून झाल्यावर कडेनें पांढरी रेघ ओढली म्हणजे कमळ उठून दिसतें. पाकळी मात्र एकही वाढत नाहीं. काजळ घातल्यानें डोळा टपोरा दिसतो. दृष्टि कांहीं वाढत नाहीं. फोटोची धार ही त्याच जातीची गोष्ट आहे. ती कडांना काजळ घालते.

असें असतांही डोळ्याला ती इतकी पटते कशी? याचें उत्तर डोळ्याच्याच रचनेंत आहे. अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें १८६५ सालीं असें दाखवून दिलें कीं, फिकट छटेंतून गडद छटेकडे जाणारा उतार जेथें सुरू होतो व जेथें संपतो, तेथें आपल्याला एक उजळ आणि एक गडद पट्टा दिसतो. कागदावर पाहूं जातां हे पट्टे नसतातच. पुढें हार्टलाइन या अमेरिकन संशोधकानें लिम्युलस या घोड्याच्या नालाच्या आकाराच्या समुद्रजीवाचा डोळा तपासून त्यामागचें कारण शोधलें. डोळ्याचा एक घटक प्रकाशानें उत्तेजित झाला कीं तो आपल्या शेजाऱ्यांना थोडा दाबून धरतो, आणि त्यामुळें कडा अधिक ठळक होतात. १९६७ सालच्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकांत हार्टलाइनचा वांटा होता. तात्पर्य, डोळा स्वतःच क्षणोक्षणीं जें करीत असतो, तेंच संगणक फोटोवर आगाऊ करून ठेवतो. म्हणून ती धार परकी वाटत नाहीं.

अंधारखोलींतील जन्म

फोटोशॉपसारख्या साधनांत या क्रियेचें नांव ‘अनशार्प मास्क’ असें आहे, आणि नवशिक्याला तें ऐकून नवल वाटतें. धार लावणाऱ्या हत्याराला बोथटपणाचें नांव कां असावें? याचा उगम संगणकांत नसून फोटोग्राफरच्या अंधारखोलींत आहे. १९३० नंतरच्या दशकांत जर्मनींत ही युक्ति वापरांत आली. मूळ निगेटिव्हवरून एक फिकी आणि जाणूनबुजून धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत काढावयाची. ती निगेटिव्हशीं तंतोतंत जुळवून दोन्ही एकावर एक ठेवावयाच्या. आणि त्या जोडींतून प्रकाश सोडून छपाई करावयाची. निगेटिव्हमध्यें जेथें काळें तेथें पॉझिटिव्हमध्यें पांढरें, यामुळें मोठमोठ्या छटांचा फरक आपसांत खोडला जाई. बारीक तपशील मात्र धूसर प्रतींत उतरलेलेच नसल्यामुळें ते खोडले जात नसत. मग अधिक कडक कागदावर छापलें म्हणजे तेच तपशील उठून दिसत. ती धूसर प्रत हाच ‘अनशार्प मास्क’, म्हणजे धार नसलेलें झांकण.

या युक्तीनें खगोलशास्त्रालाही मोठी मदत केली. ऑस्ट्रेलियांतील वेधशाळेंत काम करणाऱ्या डेव्हिड मॅलिन यानें दुर्बिणीच्या कांचेच्या प्लेटींवर ती चालवली, आणि ज्या लंबगोल दीर्घिका तोंवर सपाट, निर्विकार दिसत होत्या, त्यांच्याभोंवतीं प्रकाशाचीं फिकीं कवचें आहेत हें १९८० सालीं त्यानें व डेव्हिड कार्टर यानें मिळून प्रसिद्ध केलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्या कवचांचा प्रकाश प्लेटीवर खरोखर पडलेला होता. मॅलिननें तो निर्माण केला नाहीं, फक्त डोळ्याला दिसेल अशा बेतानें मांडला. धार लावण्याच्या विद्येची ही सर्वांत प्रामाणिक बाजू होय.

टॉमस व जॉन नोल या भावांनीं रचलेलें फोटोशॉप १९९० सालीं बाजारांत आलें. आज त्याच्या यादींत ‘अनशार्प मास्क’ हें जुनें नांव अंधारखोलीची आठवण सांगत उभें आहे. जें काम करावयास कसलेल्या हाताला पूर्वीं बराच वेळ लागे, तें आतां क्षणांत होतें. आणि क्षणांत होतें म्हणूनच तें वाजवीपेक्षां जास्त होतें.

किती लावावी?

धार मुळींच लावूं नये असें कोणी समजूं नये. डिजिटल कॅमेऱ्यानें काढलेल्या फोटोला थोडी धार लागतेच. याचें कारण ब्राइस बेयर या कोडॅक कंपनींतील शास्त्रज्ञाच्या १९७६ सालच्या पेटंटांत आहे. त्याच्या योजनेप्रमाणें कॅमेऱ्यांतील प्रकाश टिपणाऱ्या पटलावर लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांची नक्षी बसवलेली असते. निम्म्या ठिपक्यांवर हिरवी, पावावर लाल, पावावर निळी. प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजानें भरले जातात. या भरण्यांत चित्राची कड किंचित मऊ होते. ती परत आणण्यापुरती धार लावणें हें औषध आहे. मोबाइल तर आपल्याला न विचारतांच तें औषध देऊन मोकळा होतो. मोबाइलवर काढलेल्या फोटोंत देवळाच्या शिखराभोंवतीं किंवा माडाच्या झांवळ्यांभोंवतीं आभाळांत एक पांढरट रेघ पुष्कळदां दिसते. ती जादा झालेली धार होय. अशा फोटोला पुन्हां धार लावणें म्हणजे आधींच मीठ घातलेल्या आमटींत चव न पाहतां आणखी मीठ घालणें.

‘अनशार्प मास्क’च्या चौकटींत तीन आंकडे असतात. पहिला ‘अमाउंट’, म्हणजे फरक किती पटीनें मिळवावयाचा तें प्रमाण. दुसरा ‘रेडियस’, म्हणजे कडेपासून किती ठिपक्यांपर्यंत परिणाम पोहोंचवावयाचा तें अंतर. तिसरा ‘थ्रेशोल्ड’, म्हणजे शेजारच्या ठिपक्यांत निदान किती फरक असला म्हणजे तेथें धार लावावयाची ती मर्यादा. पानें, विणकाम, अक्षरें अशा बारीक तपशिलाला रेडियस एकाहून कमी पुरतो. चेहऱ्याला तो थोडा मोठा चालतो, पण थ्रेशोल्ड वाढवावा लागतो, नाहींतर गालावरचें प्रत्येक रंध्र आणि फिल्मचा प्रत्येक दाणा टोंचूं लागतो. अमाउंट शंभर, रेडियस एक, थ्रेशोल्ड तीन ते पांच, येथून आरंभ करावा आणि डोळ्यानें ठरवावें. हें ठरवतांना चित्र पडद्यावर शंभर टक्के आकारांत पाहावें. लहान करून पाहिलें तर वलयें लपून राहतात.

आणखी तीन पथ्यें आहेत. पहिलें, खरखर आधीं कमी करावी व मग धार लावावी, कारण संगणकाला दाणा आणि पापणी यांतला भेद कळत नाहीं. दुसरें, धार मूळ चित्रावर न लावतां त्याच्या प्रतीवर, म्हणजे वेगळ्या लेयरवर लावावी, म्हणजे ती केव्हांही कमी करतां किंवा पुसतां येते. आणि तिसरें, शेवटची धार चित्राच्या उपयोगाप्रमाणें लावावी. ब्रूस फ्रेझर या जाणत्या लेखकानें २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत धारेचे तीन टप्पे सांगितले आहेत: कॅमेऱ्यानें अगर स्कॅनरनें आणलेला मऊपणा घालवण्यापुरती पहिली, चित्रांतील डोळ्यांसारख्या निवडक जागीं दुसरी, आणि छपाईसाठीं किंवा पडद्यासाठीं आकार ठरल्यानंतर तिसरी. खरबरीत कागद शाई पसरवतो, म्हणून त्याला धार अधिक लागते. तकतकीत कागदाला कमी. एकच प्रत सर्वत्र चालवणें म्हणजे घरांतील सर्व मुलांना एकाच मापाचा सदरा शिवणें.

जुन्या फोटोंची गोष्ट निराळी

येथवर झाला तो आजच्या कॅमेऱ्याचा विचार. पेटींतून निघालेल्या फोटोची गोष्ट निराळी आहे. त्याची अस्पष्टता एका जातीची नसते, आणि रोग न ओळखतां दिलेलें औषध अपायच करतें.

कांहीं फोटो धूसर नसतातच; ते फिके पडलेले असतात. त्यांतील काळा रंग तपकिरी व पांढरा पिवळट झालेला असतो. त्यांना धार नको, छटांचा विस्तार हवा. ‘लेव्हल्स’ नांवाच्या साधनानें काळा व पांढरा जागच्या जागीं आणले कीं अर्धे फोटो आपोआप बोलूं लागतात. कांहींमध्यें भिंग नीट जुळलेलें नसतें. तेथें सारेंच चित्र सारखें मऊ असतें. आणि कांहींमध्यें माणूस हललेला असतो. छायाचित्रणाची कला १८३९ सालीं पॅरिसमध्यें जाहीर झाली आणि १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रकारांची संस्थाही निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या काळीं एक फोटो टिपावयास कित्येक सेकंद लागत, आणि पुढेंही कितीतरी वर्षें अंगणांतल्या ग्रूप फोटोंत ‘हलूं नका’ ही आज्ञा महत्त्वाची होती. पहिल्या रांगेंत मांडी घालून बसवलेलें जें पोर त्या आज्ञेला भीक घालीत नसे, त्याचा चेहरा पुसट येई. आम्हांला विचाराल तर तो पुसटपणा दोष नव्हे. तीन वर्षांचें मूल त्या क्षणीं हललें, हें त्या फोटोनें नोंदवलेलें एक सत्य आहे.

म्हणून पहिला उपाय धारेचा नसून मूळ प्रतीकडे परत जाण्याचा आहे. साधा हिशेब पाहा. दहा इंच रुंदीच्या ग्रूप फोटोंत चाळीसपन्नास माणसें असलीं, तर एकेक चेहरा जेमतेम पांच मिलिमीटर रुंदीचा, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा असतो. तो फोटो इंचाला सहाशें ठिपके या मानानें स्कॅन केला, तर त्या चेहऱ्याच्या रुंदींत सुमारें ११८ ठिपके येतात. तोच फोटो मोबाइलवरून इकडे तिकडे पाठवतांना आकसून रुंदीला सोळाशें ठिपक्यांचा उरला, तर चेहऱ्याच्या वांट्याला ३१ च येतात. नाक, डोळे, ओंठ, कुंकू हें सारें एकतीस ठिपक्यांत! अशा प्रतीवर कितीही धार लावली तरी आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? तेव्हां चौकटींतून मूळ फोटो सांभाळून बाहेर काढावा, स्कॅनरची कांच पुसावी, स्कॅनरची स्वतःची धार बंद ठेवावी, आणि ‘टिफ’ या न आकसणाऱ्या स्वरूपांत प्रत जपून ठेवावी. या एका कामानें जी स्पष्टता येते, ती कोणत्याही कळीनें येत नाहीं.

गणितानें धूसरपणा मुळींच परतवतां येत नाहीं असें मात्र नाहीं. हबल दुर्बीण एप्रिल १९९० मध्यें अवकाशांत गेली तेव्हां तिच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशाची कड मापापेक्षां सुमारें २.२ मायक्रॉन चपटी घासली गेल्याचें आढळून आलें. तारे ठिपक्यासारखे न दिसतां पसरट दिसूं लागले. आरशाचा दोष नेमका काय हें माहीत असल्यामुळें तो उलटा फिरवून चित्र निवळण्याचें गणित करतां आलें. रिचर्डसन व ल्यूसी या दोघांनीं अनुक्रमें १९७२ व १९७४ सालीं मांडलेली रीत त्यासाठीं वापरली गेली, आणि तिचा उपयोगही झाला. तथापि फिकट वस्तूंचा जो प्रकाश विखरून गेला होता, तो गणिताला पुरता गोळा करतां आला नाहीं. शेवटीं डिसेंबर १९९३ मध्यें अंतराळवीरांना तेथें जाऊन दोष सुधारणाऱ्या आरशांची व्यवस्था बसवावी लागली. ज्या दोषाचें माप मायक्रॉनपर्यंत ठाऊक होतें, तेथें गणिताची ही मर्यादा. मग ज्या फोटोचें भिंग कोणतें होतें हेंही कोणास ठाऊक नाहीं, तेथें एका कळीनें सारें परत मिळेल अशी आशा कशी धरावी?

नवी कळ

परंतु हल्लीं अशी एक कळ खरोखरच निघाली आहे, आणि तिच्याविषयीं वाचकांस सावध करणें हा या लेखाचा मुख्य हेतु आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारीं हीं साधनें कडा ठळक करून थांबत नाहींत. असंख्य परक्या माणसांचे स्पष्ट फोटो त्यांना आधीं दाखवून शिकवलेलें असतें. आपल्या फोटोंतील अस्पष्ट डाग पाहून, अशा डागाच्या जागीं बहुधा काय असावें, याचा अंदाज तीं करतात आणि तो अंदाज रंगवून देतात. पापण्या येतात, बुबुळांत चमक येते, कानशिलावरचे केंस वेगवेगळे दिसतात. सुंदर असतें सारें. मात्र तें मूळ फोटोंतून आलेलें नसतें.

याचें एक ढळढळीत उदाहरण २०२० सालीं जगापुढें आलें. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत तयार झालेल्या ‘पल्स’ या साधनाला बराक ओबामा यांचा ठिपके मोठे करून अस्पष्ट केलेला फोटो कोणीं दिला, तेव्हां त्यानें एका गोऱ्या इसमाचा स्वच्छ, रेखीव चेहरा बनवून दिला. हें साधन माणूस ओळखण्यासाठीं नसून कल्पित चेहरा बनवणारें आहे, असें त्याच्या कर्त्यांनीं स्वतःच सांगितलेलें होतें. पुढें २०२४ सालीं वॉशिंग्टन राज्यांतील किंग काउंटीच्या न्यायालयानें एका खुनाच्या खटल्यांत, अशाच साधनानें ‘स्पष्ट’ केलेली चित्रफीत पुराव्यांत घेण्याचें नाकारलें. यंत्राला जें असावेंसें वाटतें तें दाखवणें निराळें, आणि जें घडलें तें दाखवणें निराळें, हा त्या निर्णयाचा मथितार्थ होय.

घराला न्यायालय नसतें, पण साक्षीदार असतात. आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं घडलेली हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. त्यांच्याकडे १९३८ सालच्या एका मुंजीचा अंगणांतला ग्रूप फोटो आहे. दुसऱ्या रांगेंत त्यांची आजी उभी आहे. तिचा हा एकुलता एक फोटो. त्यानंतर दहाबारा वर्षांनीं ती वारली. घरांतील मुलांनीं मोठ्या प्रेमानें त्या चेहऱ्याला नव्या कळीनें उजाळा दिला, मोठी प्रत काढली, चौकट करवली, आणि नव्वदी गांठलेल्या आत्याबाईंपुढें ती ठेवली. आत्याबाईंनीं चष्मा पुसून तो फोटो पुष्कळ वेळ पाहिला. मग त्या म्हणाल्या, “बाई सुरेख आहे हो. पण ही आमची आई नव्हे. तिच्या भुवईवरचा वण कोठें गेला?”

मुलें खट्टू झालीं; तथापि त्यांतील थोरल्या मुलीनें विचार केला. तिनें भिंतीवरचा मूळ फोटो उतरवला, वर सांगितल्या रीतीनें पुन्हां स्कॅन केला, छटा नीट केल्या, आणि अगदीं हलकी धार लावली. चेहरा मऊच राहिला. परंतु डाव्या भुवईची रेघ मध्येंच तुटलेली दिसूं लागली. मोबाइलवरच्या प्रतींत ती खूण मावलीच नव्हती, आणि यंत्रानें तेथें नीटस अखंड भुवई रेखली होती. आत्याबाईंनीं त्या तुटक रेघेवर बोट ठेवलें, आणि मग पुढच्या रांगेंतल्या एका पुसट पोराकडे बोट नेऊन त्या हंसल्या. “आणि ही मी. मला धरून ठेवायला सांगितलें होतें, पण मी हललेंच.” यंत्रानें त्या पुसट पोरालाही एक टवटवीत, अनोळखी तोंड दिलें होतें.

कोणी म्हणेल, जुने फोटोग्राफर तरी काय करीत होते? निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवून सुरकुत्या पुसल्या जात, मोठ्या केलेल्या फोटोवर ब्रशानें रंग चढवला जाई. आक्षेप खरा आहे, आणि त्या काळच्या फोटोंतील सगळेंच जसेंच्या तसें होतें असा आमचा दावा नाहीं. परंतु दोहोंत एक भेद आहे. रंग चढवलेला फोटो रंगवलेला आहे हें पाहणाऱ्याला तेव्हांच कळे. नवी कळ आपला हात मागें ठेवीत नाहीं. शिवाय तेव्हां घरांत चेहरा ओळखणारीं माणसें हयात असत; चूक झाली तर तीं बोलत. आज आपण ज्यांचे फोटो उजळतों, त्यांना पाहिलेलीं माणसें एकेक करून जात आहेत. आत्याबाई नसत्या तर त्या घरांतील पुढच्या चार पिढ्यांनीं एका परक्या स्त्रीला आजी म्हणून हार घातला असता, आणि तें कोणास कधीं कळलेंही नसतें.

आम्ही नव्या साधनांना बहिष्कार घाला असें म्हणत नाहीं. हौस असेल त्यानें तीं वापरावीं. मात्र तीन गोष्टी पाळाव्या. मूळ स्कॅनची प्रत कशालाही हात न लावतां वेगळी ठेवावी, आणि ती एकाच नव्हे तर निदान दोन घरीं असावी. यंत्रानें भरलेला चेहरा भिंतीवर लावावयाचा असेल, तर त्याच्या खालीं ‘काल्पनिक भर घातलेली प्रत’ एवढे शब्द स्पष्ट लिहावे. संगणकांतील नांवांतही तेच असावे. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरांत जें कोणी वयोवृद्ध माणूस असेल, त्याच्यापुढें तो फोटो ठेवून डावीकडून क्रमानें नांवें विचारावीं, नातीं विचारावीं, कोणाच्या भुवईला वण होता, कोण त्या दिवशीं रुसून मागें उभें राहिलें होतें, हें विचारावें, आणि तें लगेच तारखेसह लिहून ठेवावें.

धारेनें फोटोंत असलेलें दिसतें. नसलेलें येत नाहीं. तें जर कोठें असेल तर घरांतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या आठवणींत आहे. फोटो उद्यांही स्कॅन करतां येईल. त्या माणसाला विचारण्याचें काम मात्र आजच केलेलें बरें.